स्टुडलागिल: दरी कुणी कोरली, आणि धरणाने नेमकं काय केलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आइसलंडच्या पूर्व भागातल्या स्टुडलागिल या दरीचे फोटो पाहून एका वाचकाने विचारलंय, की ही दरी हिमनदीच्या पाण्याने झाली की धरणामुळे? दोन्ही लिहिलेलं वाचायला मिळतं, मग खरं काय? आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सहकुटुंब जाणार आहोत, तर फोटोतलं ते निळं-हिरवं पाणी दिसेल का?

मी भूशास्त्राचा माणूस. सह्याद्रीत धरणांच्या पायाचा खडक तपासण्यात बरीच वर्षं गेली आहेत आणि ही दरी पाहिलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिकिटं काढलेली असणार, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: बहुतेक नाही दिसणार. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे करड्या-तपकिरी पाण्याचा लोंढा वाहत असण्याचीच शक्यता जास्त. का, ते कळलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच मिळतं.

नदीपासून सुरुवात करू. तिचं पूर्ण नाव योकुलसाउ आउ दाल, स्थानिक लोक नुसतं ‘योक्ला’ म्हणतात. वात्नायोकुल हा आइसलंडमधला सर्वांत मोठा हिमाच्छादित प्रदेश. त्याच्या उत्तर कडेला ब्रुआरयोकुल नावाची हिमनदी आहे, तिच्या पायथ्याशी योक्ला सुरू होते आणि सुमारे १५० किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. हिमनदी आपल्या तळाचा खडक सतत भरडत असते, त्याचं पिठासारखं बारीक चूर्ण वितळलेल्या पाण्याबरोबर बाहेर पडतं. धरण होण्याआधी योक्ला ही आइसलंडच्या सर्वांत गढूळ नद्यांत मोडायची. उन्हाळ्यात ती इतकी बेभान असे, की चालत ओलांडण्याजोगी उथळ जागा सापडणं मुश्कील, पूल थोडके. खोऱ्यातली माणसं दोरावर लटकवलेल्या लाकडी खोक्यात बसून, स्वतःच दोर ओढत पलीकडे जायची. कोकणातल्या माणसाला साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, ठाऊक असतो, पण इथे साकव टाकावा असंही ते पात्र नव्हतं.

शिवाय ब्रुआरयोकुल ही उसळणारी हिमनदी आहे. कित्येक दशकं ती जागच्या जागी असते आणि मग अचानक काही महिन्यांत काही किलोमीटर पुढे सरकते. १८९० मध्ये ती साधारण १० किलोमीटर पुढे आली होती, १९६३-६४ मध्ये सुमारे ८ किलोमीटर. अशा वेळी नदीत किती गाळ येत असेल याची कल्पना करा. दरी कोरणारं हत्यार म्हणजे हे पाणी. नुसत्या स्वच्छ पाण्याची बेसॉल्टपुढे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या कठीण काळ्या खडकापुढे, फारशी मात्रा चालत नाही. पाण्यात वाळू, गोटे आणि पुराचा जोर असला की काम होतं.

आता खडकाकडे. स्टुडलागिलच्या भिंती ज्यांच्या बनल्यात ते प्रसिद्ध दगडी स्तंभ म्हणजे बेसॉल्टच, आपल्या सह्याद्रीचा जो खडक आहे त्याच जातीचा. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली असेल, किंवा पन्हाळा तालुक्यातलं बांदिवडे, तर असे स्तंभ तुम्हाला नवे नाहीत. लाव्ह्याचा जाड थर साचला की तो वरून आणि खालून निवू लागतो, निवताना आकसतो, आणि आकसताना त्याला भेगा पडतात. आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशाच, फक्त इथे त्या भेगा थर निवत जाईल तसतशा आत आत उतरत जातात. तीन भेगा साधारण समान कोनात एकत्र आल्या की ताण सर्वांत किफायतशीरपणे मोकळा होतो, म्हणून सहा बाजूंचे स्तंभ जास्त. पाच आणि सात बाजूंचेही भरपूर असतात, मोजून पाहा. लाव्हा सावकाश निवला तर स्तंभ जाड, लवकर निवला तर बारीक. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी आइसलंडचाच बेसॉल्ट प्रयोगशाळेत तापवून-निववून २०१८ मध्ये दाखवलं, की या भेगा ८४० ते ८९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पडतात. म्हणजे खडक घट्ट झालेला असतो, पण अजून चांगलाच तापलेला असतो.

भेगा नेहमी निवणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात जातात. म्हणून सपाट थरात स्तंभ ताठ उभे राहतात. जिथे लाव्ह्यात पाणी शिरलं किंवा थराखालची जमीन वाकडी होती, तिथे ते कलतात, वळतात, पंख्यासारखे पसरतात. स्टुडलागिलमध्ये हे सगळे प्रकार एकाच भिंतीवर दिसतात. काही ठिकाणी स्तंभांची उंची ३० मीटरपर्यंत जाते.

तिथे गेलात की एका गोष्टीकडे मुद्दाम बघा. स्तंभाच्या बाजूवर वीत-दीड वीत अंतरावर आडव्या पट्ट्या असतात, छिन्नीने तासल्यासारख्या. पट्टीचा एक भाग गुळगुळीत, एक खरबरीत. बरेच जण त्या पाण्याने पडलेल्या खुणा समजतात. त्या पाण्याच्या नाहीत. भेग सलग धावत नाही, टप्प्याटप्प्याने उतरते. खडक थोडा निवतो, ताण साचतो, भेग थोडी पुढे सरकते आणि थांबते. एक पट्टी म्हणजे असा एक टप्पा. हात फिरवला तरी कळतं. आणि जिथे स्तंभ आडवा तुटलाय तिथला पृष्ठभाग सपाट नसतो, बशीसारखा खोलगट किंवा उलटा फुगीर असतो.

हे इतकं सांगायचं कारण असं, की अशा खडकात नदी दरी कशी कोरते हे त्या भेगांवरच ठरतं. सलग, भेगा नसलेल्या कातळात पाणी दगड घासून घासून झिजवतं. आपल्याकडे निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे पाहिले असतील, ती घासून कोरण्याची करामत: गोटा एका जागी गरगर फिरतो आणि रांजण पडतो. स्तंभांचा खडक मात्र आधीच तुकडे पडून तयार असतो. मोठा पूर आला की पाणी भेगांत शिरतं, स्तंभांना मागून दाब देतं, वरून ओढ देतं, आणि स्तंभाचा तुकडाच्या तुकडा उपटून नेतं. म्हणून अशा दऱ्यांच्या भिंती उभ्या आणि कडा धारदार राहतात. उपटण्याचं हे काम रोजच्या प्रवाहाला जमत नाही, त्याला मोठा पूर लागतो. योक्लाच्या पश्चिमेला देत्तिफॉस धबधब्याची दरी आहे, तीही हिमनदीच्याच पाण्याची. तिचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं निघालं, की ती दरी थोडी थोडी रोज वाढलेली नाही. साधारण ९,०००, ५,००० आणि २,००० वर्षांपूर्वीच्या महापुरांत तिचं बरंचसं काम उरकलं. स्टुडलागिलसाठी हेच आकडे लावू नका, पण खडक त्याच प्रकारचा आणि पाणीही त्याच प्रकारचं आहे.

तर पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं: दरी हिमनदीच्या पाण्याने कोरली. आधी हिमयुगातल्या बर्फाने रुंद, पसरट खोरं केलं, आणि बर्फ मागे हटल्यावर त्या खोऱ्याच्या तळाशी नदीने ही अरुंद घळ पाडली. रस्त्यावरून जाताना हे फार छान दिसतं. वर ऐसपैस हिरवं खोरं, मेंढ्या चरतायत, आणि त्याच्या मधोमध एक चीर. चिरेच्या कडेशी पोचेपर्यंत आत काय आहे याचा पत्ता लागत नाही.

आता धरण. स्टुडलागिलच्या बरंच वरच्या अंगाला काउराह्न्युकार प्रकल्प आहे. मुख्य धरण दगडी भरावाचं, वरच्या अंगाला काँक्रीटचा पातळ पडदा असलेलं, उंची २०० मीटरला जरा कमी, लांबी सुमारे ७३० मीटर, भराव जवळपास ८५ लाख घनमीटर. या प्रकारातलं युरोपातलं सर्वांत उंच. शेजारी दोन दुय्यम धरणं. जलाशयाचं नाव हाउल्सलोन, क्षेत्र ५७ चौरस किलोमीटर, साठा सुमारे २.१ घनकिलोमीटर. आपल्या भाषेत ७४ टीएमसीच्या आसपास, म्हणजे कोयनेच्या १०५ टीएमसीपेक्षा बराच कमी.

कोयनेचं नाव उगाच घेतलेलं नाही. हा प्रकल्प समजून घ्यायला मराठी माणसाला कोयनेइतकं सोपं उदाहरण नाही. कोयनेचं पाणी आपण कृष्णेच्या खोऱ्यातून उचलतो, बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून नेतो, पोफळीला वीज करतो आणि वाशिष्ठीत सोडून देतो. एका नदीचं पाणी दुसरीत. काउराह्न्युकारला हेच केलंय. योक्लाचं पाणी सुमारे ४० किलोमीटरच्या बोगद्यातून शेजारच्या फ्ल्योत्सदालुर खोऱ्यात नेलं. तिथे भूमिगत वीजगृह आहे, सहा फ्रान्सिस टर्बाइनं, क्षमता ६९० मेगावॉट, पाण्याला मिळणारी पड जवळपास ६०० मीटर. पूर्ण चाललं तर सेकंदाला १४४ घनमीटर, म्हणजे पाच हजार क्युसेकच्या वर पाणी लागतं. वीज झाली की ते पाणी लागारफ्ल्योत या लांबट सरोवरात जातं आणि तिथून समुद्राला. आणि वीज कोणाला? घरांना नाही. ती जाते रेयदारफ्योर्दुर इथल्या अल्कोआ कंपनीच्या ॲल्युमिनियम कारखान्याला, ज्याची क्षमता वर्षाला साधारण ३ लाख ४६ हजार टन आहे.

आइसलंडमध्ये यावरून भरपूर रणकंदन झालं. २००१ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या नियोजन यंत्रणेने पर्यावरणाच्या कारणावरून प्रकल्प नाकारला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पर्यावरण मंत्र्यांनी तो नकार फिरवला. २००३ मध्ये मुख्य बांधकाम सुरू झालं. २००६ च्या सप्टेंबरअखेर जलाशयात पाणी अडवायला सुरुवात झाली, तेव्हा राजधानी रेक्याविकमध्ये लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले होते. २००७ च्या शेवटी वीज सुरू झाली.

पाणी अडलं आणि खाली योक्लाचं पात्र रिकामं पडलं. स्टुडलागिलपाशी पातळी सात-आठ मीटरने खाली गेली. आतापर्यंत लोंढ्याच्या आड असलेले स्तंभ पायापर्यंत उघडे झाले. म्हणजे धरणाने दरी केलेली नाही. धरणाने दरी कोरणाऱ्याला कामावरून काढलं आणि त्याने आतापर्यंत केलेलं काम उघडं पाडलं. प्रश्नात उल्लेख केलेली दोन्ही विधानं म्हणूनच अर्धी-अर्धी बरोबर आहेत.

‘दरीचा शोध २०१६-१७ मध्ये लागला’ असंही वाचनात येतं. हे मला पटत नाही. दोन्ही काठांवर शेतं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहतायत. त्या सुमारास शोध लागला तो फोटोंना.

आता रंगाचा घोळ. लोक समजतात, निळं-हिरवं पाणी म्हणजे हिमनदीचं पाणी. इथे बरोबर उलटं आहे. फोटोतलं पाणी हिमनदीचं नाहीच. हिमनदीचं पाणी वर हाउल्सलोनमध्ये अडलंय किंवा बोगद्यातून पलीकडच्या खोऱ्यात गेलंय. तुम्ही पाहता ते धरणाच्या खालच्या ओढ्यांचं, झऱ्यांचं आणि आसपासच्या बर्फाचं पाणी. गाळ नाही, म्हणून ते निवळ दिसतं. खऱ्या हिमनदीच्या पाण्याचा रंग बघायचा असेल तर धरण भरून सांडव्यावरून पाणी यायला लागल्यावर या. तेव्हा ते काँक्रीट कालवल्यासारखं करडं असतं.

आणि ते येतंच. हाउल्सलोनचा पूर्ण साठ्याचा तलांक समुद्रसपाटीपासून ६२५ मीटर. हिवाळाभर वीजनिर्मितीसाठी पाणी उपसलं जातं, वसंतात जलाशय खूप खाली गेलेला असतो. मे-जूनपासून हिमनदी वितळू लागते, पातळी चढते, आणि बहुतेक वर्षी जुलैअखेर ते सप्टेंबरच्या मधे कधीतरी सांडवा सुरू होतो. तारीख त्या उन्हाळ्याच्या उष्णतेवर. आपल्याकडे धरण भरण्याची तारीख पाऊस ठरवतो, तिथे ती ऊन ठरवतं. सांडवा एकदा सुरू झाला की शरद ऋतूपर्यंत चालू राहू शकतो. तेवढे आठवडे योक्ला पुन्हा जुनी योक्ला होते, स्तंभांचे पाय पुन्हा बुडतात. पाणी ओसरल्यावर स्तंभांच्या बशीसारख्या खोलगट माथ्यांवर करड्या पिठाचा पातळ थर राहिलेला दिसतो. बोटाने घासून बघा, टाल्कम पावडरइतका बारीक लागतो. तो थर म्हणजे वात्नायोकुलच्या तळाचा भरडलेला खडक.

या सौंदर्याची किंमत शेजारच्या खोऱ्याने मोजली, हे फोटोखाली कुणी लिहीत नाही. योक्लाचा गाळ लागारफ्ल्योतमध्ये गेला. मोठा गाळ हाउल्सलोनमध्ये बसतो, पण बारीक चूर्ण दिवसेंदिवस तरंगत राहतं आणि बोगद्यातून पार होतं. ते सरोवर आधीच थोडं गढूळ होतं, ते आणखी गढूळ झालं. उजेड खोलवर पोचेना, मासे घटले, काही ठिकाणी काठ खचू लागले. त्या सरोवरात एक अजस्र नागासारखा प्राणी राहतो अशी जुनी दंतकथा आहे. आता तो असला तरी दिसायची पंचाईत. उलट बाजूला, योक्ला निवळ झाल्यामुळे तिच्यात सॅमन मासे सोडले गेले आणि गळाने मासेमारी करणारे हौशी लोक तिथे येऊ लागले. त्यांचा हंगामही सांडवा सुरू झाला की आटोपतो. वरती, वसंतात जलाशयाचा उघडा पडलेला तळ वाऱ्याबरोबर धुळीचे लोट उडवतो, हा वेगळाच त्रास. माझं मत विचाराल तर स्टुडलागिल जरूर बघावं, पण ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून नाही. तो एका मोठ्या जलविद्युत प्रकल्पाचा परिणाम आहे, आणि तसा बघितला तर जास्तच रंजक वाटतो.

आता प्रत्यक्ष जाण्याबद्दल. मुक्काम एगिल्सस्टादिर या गावी करा. तिथून गाडीने साधारण तासभर. मुख्य रिंग रोडवरून योकुल्दालुर खोऱ्यात ९२३ क्रमांकाच्या रस्त्याला वळायचं. दरीच्या दोन बाजू आहेत आणि एकीवरून दुसरीकडे दरीतून जाता येत नाही, हे आधी लक्षात घ्या. पश्चिमेला ग्रुंद: गाडी लावायची, धातूच्या पायऱ्या उतरून सज्जावर उभं राहायचं. वेळ कमी लागतो, पण दरी वरूनच दिसते, पाण्याजवळ जाता येत नाही. पूर्वेला क्लाउस्टुरसेल: पूल ओलांडून चालत जावं लागतं, वाहनतळ कोणता यावर एका बाजूचं अंतर अडीच ते पाच किलोमीटर. वाटेत स्टुडलाफॉस नावाचा धबधबा लागतो, तोही स्तंभांच्या भिंतीवरून पडणारा. फोटोतलं दृश्य या पूर्वेच्या बाजूचं, कारण इथूनच खाली स्तंभांवर उतरता येतं. बरोबर वयस्कर आई-वडील असतील तर त्यांच्यासाठी ग्रुंद, धडधाकट मंडळींसाठी क्लाउस्टुरसेल. ओले स्तंभ भयंकर निसरडे असतात, बुटाला चांगली पकड हवी. पाणी कितीही निवळ दिसलं तरी त्यात उतरू नका. ते थंडगार असतं आणि बाहेर यायला भिंतींना धरायला जागा नसते. सांडवा चालू असताना तर खाली उतरायचा विषयच नाही.

निळं पाणी हवं असेल तर जून किंवा जुलैचा पूर्वार्ध बरा. मे महिन्यात आसपासचा बर्फ वितळून पाणी कधीकधी थोडं गढुळतं. हिवाळ्यात रंग सुरेख असतो, पण दिवस तोकडे आणि वाटेवर बर्फ. प्रकल्प चालवणारी लांद्सविर्क्युन ही सरकारी वीज कंपनी जलाशयांची पातळी आपल्या संकेतस्थळावर देते. निघायच्या आठवडाभर आधी हाउल्सलोनचा आकडा ६२५ च्या किती जवळ आलाय ते बघा, अंदाज येईल.

तारखा बदलता येत नसतील तर ऑगस्ट वाया जाणार असं मात्र समजू नका. मी असतो तर एक दिवस धरणावरच गेलो असतो. फ्ल्योत्सदालुरमधून ९१० क्रमांकाचा डांबरी रस्ता वर पठारावर थेट धरणापर्यंत जातो. सांडवा चालू असेल तर त्याचं पाणी धरणाखालच्या काळ्या दरीत सुमारे शंभर मीटर खाली कोसळतं. या धबधब्याला ‘ह्वेरफांदी’ म्हणतात. ज्या पाण्याने खालची दरी कोरली त्याचा खरा जोर तिथे कळतो. ती काळी दरी, दिम्मुग्ल्यूफुर, स्टुडलागिलपेक्षा कितीतरी खोल आहे, आणि तिथे गर्दीही कमी.

आणि परत येताना फ्ल्योत्सदालुर खोऱ्यात हेंगीफॉस या धबधब्याला थांबा. एका बाजूला अडीच किलोमीटरची चढण आहे. अर्ध्या वाटेवर लित्लानेसफॉस हा दुसरा धबधबा लागतो, दोन्ही अंगांना बेसॉल्टचे उंच, देखणे स्तंभ. हा ओढा धरणाच्या सांडव्याखाली येत नाही, त्यामुळे ऑगस्टमध्येही स्तंभ बुडलेले नसतात. वर हेंगीफॉसच्या कड्यात काळ्या बेसॉल्टच्या थरांमधे लाल मातीचे पट्टे आहेत. वरंधा किंवा खंबाटकीच्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात असे लाल थर पाहिले असतील तर लगेच ओळखाल: दोन उद्रेकांच्या मधल्या निवांत काळात लाव्ह्याच्या माथ्यावर तयार झालेली माती, पुढच्या लाव्ह्याने भाजून निघालेली. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे थर मोजायला लावा, वर पोचेपर्यंत कुरकुर करणार नाहीत.